शुक्रवारी पाजलेलं पाणी

एका हिवाळ्यात मी एका धडधाकट माणसाला आपली स्मरणशक्ती चालली आहे असं तीन आठवडे वाटू दिलं. खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता हे कुणाला सांगायला लागलो की लोक ‘जाऊ दे हो, होतं असं’ म्हणतात. होत नाही असं. मी केलं म्हणून झालं.

मी बॅटरीवाला माणूस आहे. हडपसरला एकोणीस वर्षं एका गॅरेजात ट्रकच्या बॅटऱ्या सांभाळल्या, बसलेल्या उठवल्या, आणि त्याचा मला चांगला माज होता. बायको नर्स. तिला इंग्लंडात लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्या व्हिसावर मीही इकडे आलो आणि पहिली दीड वर्षं घरी बसून भाज्या चिरल्या. तिचा डबा भरायचो, कपडे वाळत घालायचो, दुपारी बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांत जाऊन कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघायचो. फोनवर आई विचारायची, ‘तू काय करतोस रे दिवसभर?’ मी म्हणायचो, ‘बघतोय.’

मग गावाबाहेरच्या एका ट्रक यार्डात काम मिळालं. बारा ट्रक, सगळे जुने, आणि त्यांच्या बॅटऱ्याही जुन्या पद्धतीच्या, वर बूच असलेल्या. तीन महिने प्रोबेशन. काम एका वाक्याचं होतं: हिवाळाभर पहाटे पाचला बारा चाव्या फिरल्या की बारा इंजिनं सुरू झाली पाहिजेत. मला वाटलं, एवढंच ना? हे तर आपण झोपेत करू.

यार्डाची मॅनेजर मराठी निघाली. लेस्टरलाच जन्मलेली, तिशीची, आजीकडून जेवढं मराठी आलं तेवढं धरून ठेवलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, “दादा, ऑफिसमध्ये इंग्लिश ओके, पण माझ्याशी मराठी बोला हां. माझा प्रॅक्टिस होतो.” तिच्या तोंडी बॅटरी नेहमी पुल्लिंगी असायची. “सगळा बॅटरी चेक केला का?” दोनदा सुधारून पाहिलं, मग सोडून दिलं. ट्रक चालू होण्याशी मतलब.

आणि एक ड्रायव्हर होता. बासष्ट वर्षांचा, इथलाच, गोरा, पोट सुटलेला, आयुष्य ट्रकवर काढलेला. मला ‘मी डक’ म्हणायचा, म्हणजे ‘माय डक’. हा मला बदक का म्हणतो हे मला आठवडाभर कळेना, आणि माझं डोकं फिरलं होतं. शेवटी मॅनेजरला विचारलं. ती हसून हसून बेजार झाली. लेस्टरकडे म्हणे प्रेमानं असंच म्हणतात, बसमध्ये, दुकानात, कुणालाही. त्यानंतर मीही त्याला डक म्हणायला लागलो. मला इथल्या हिवाळ्याबद्दल जे काही आलं ते त्यानं शिकवलं.

कारण मला काही येत नव्हतं. हडपसरला बॅटरी मरते ती मे महिन्यात. उकाड्यानं आतलं पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात, खलास. थंडीनं बॅटरी मरते हे मला ऐकून माहीत होतं, म्हणजे माहीत नव्हतं. पहिल्यांदा गाडीच्या काचांवर पांढरं साचलं त्या दिवशी मी घरून एक जुनी रजई घेऊन गेलो, तिचे कापून चौकोन केले आणि केबिनमागच्या बॅटरीच्या पेट्यांमध्ये दोन दोन बॅटऱ्या नीट गुंडाळून ठेवल्या. ड्रायव्हर पायरीपाशी उभा राहून बघत होता.

“डक, अंगाईगीत पण म्हणणार आहेस का?”

मग त्यानं मला समजावलं, आणि फार सोपं करून समजावलं. रजई माणसाला ऊब देते कारण माणसाचं अंगच गरम असतं. बॅटरीला अंगची ऊब नाही. गार लोखंडाला गार रजई गुंडाळलीस, झालं काय? तिला ऊब द्यायची तर तिच्यात वीज खेळती ठेवायची. चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी किंचित कोमट राहते, आणि भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड असल्या थंडीत गोठत नाही. रिकामी झाली की आत जवळजवळ पाणीच उरतं, ते गोठतं. सुट्या बॅटऱ्यांसाठी एक शेड होती, तिथे मंद आचेवर तेलाचा हीटर असायचा. यार्डातल्या ट्रकांसाठी भिंतीवर चार्जर आणि लांब केबली होत्या. अकरा ट्रकांपर्यंत केबल पोचायची. बारावा, म्हणजे कुंपणापाशी उभा राहणारा त्याचा ट्रक, राहायचा. त्याचं म्हणणं, मी सगळ्यात शेवटी येतो, येईपर्यंत इंजिननं माझ्या बॅटऱ्या भरलेल्याच असतात, मला काही नको.

मी रजईचे तुकडे घरी नेले. बायकोनं पायपुसणी केली.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ बसायचा. माझ्या डब्यातली पोळी हातानं तोडून, तिखट लागलं की डोळे पुसत खायचा. एकदा त्यानं सांगितलं की त्याला ऑफिसकडून दोन पत्रं मिळाली आहेत. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरला झोपण्यासाठी एक छोटा हीटर असतो, तो बॅटरीवर चालतो. मागच्या हिवाळ्यात तो हीटर चालू ठेवून हा दोनदा घरी गेला होता. शनिवार-रविवारात बॅटऱ्या बसल्या, सोमवारचा माल राहिला. तिसऱ्यांदा झालं तर त्याला गाडीवरून उतरवणार होते. मी म्हटलं, विसरतो माणूस. तो कपात बघत म्हणाला, “माझे वडील विसरायचे. आधी किल्ल्या, मग रस्ता. शेवटी मला विचारायचे, तुम्ही कोण?” मग त्यानं उरलेली पोळी तोंडात टाकली आणि हवेबद्दल बोलायला लागला.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी हवामानवाले सांगत होते की शनिवार-रविवार कडक जाणार. सुट्टी तोंडावर आली की हडपसरच्या गॅरेजात माझा हात आपोआप पाण्याच्या कॅनकडे जायचा. आमच्या मालकांचा नियम होता: सुट्टी येतेय ना, आधी बॅटऱ्यांना पाणी पाजा. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि नरसाळं घेऊन सगळ्या ओळीनं पाजत जायचं, कुंडीतल्या झाडांना गावाला जाण्याआधी घालतो तसं. कुठल्याही मराठी गॅरेजवाल्याला विचारा, बॅटरीची काळजी म्हणजे काय? तो हेच सांगेल. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच शेल्फवरचा कॅन काढला. दीड वर्षानंतर पहिल्यांदा मी कुणी न सांगता, स्वतःच्या अकलेनं एक काम करत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

अकरा ट्रक चार्जरवर होते, त्यांना पाजलं. चारच्या सुमारास ड्रायव्हर आला. केबिनमध्ये बसून त्यानं कागद भरले, उतरला, चावी माझ्या हातात दिली, “सोमवारी भेटू, डक,” म्हणाला आणि गेला. इथे जानेवारीत पाचच्या आत अंधार पडतो, तसा पडला होता. मी टॉर्च तोंडात धरून त्याच्या ट्रकपाशी गुडघे टेकले, पेटी उघडली, बुचं काढली. पातळी थोडी खाली होती. सगळ्या कप्प्यांत पाणी भरलं, बुचं लावली, फडक्यानं पुसून घेतलं.

त्या वेळी तिथे शांतता होती. हा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून सांगतो. केबिनचा हीटर चालू असला की खालून त्याच्या डिझेलच्या पंपाची टिकटिक येते, न थांबता. माझं डोकं त्या पंपापासून हातभर अंतरावर होतं, आणि मी तिथे चांगली दहा मिनिटं होतो. टिकटिक नव्हती. हीटर बंद होता.

सोमवारी पहाटे अकरा ट्रक सुरू झाले. बाराव्याची चावी फिरवली तर दिवासुद्धा लागला नाही. मी पेटी उघडली. एका बॅटरीची कूस फुगून तडकली होती. बूच काढलं. आत वरच्या थरात बर्फ. फ्रीजच्या ट्रेमधून निघतो तसा, स्वच्छ, काचेसारखा. ॲसिडचा बर्फ असा नसतो. तो बर्फ माझ्या कॅनमधला होता.

एकोणीस वर्षांच्या माजाची काय गत होते ते त्या मिनिटाला कळलं. पाणी ॲसिडपेक्षा हलकं. वरून घातलं की वरच तरंगतं. हडपसरला ट्रक लगेच रस्त्याला लागतो, चार्जिंग होतं, आत ढवळलं जातं, संपला विषय. इथे अकरा ट्रक चार्जरवर होते म्हणून त्यांच्यातलं ढवळलं गेलं. बारावा तसाच उभा राहिला, वरचं साधं पाणी दोन रात्री गोठत राहिलं. कॅनवर बारीक अक्षरांत हे लिहिलेलंही होतं: थंडीत पाणी घातल्यावर लगेच चार्ज करा. मी ते नंतर वाचलं. मी बॅटरीवाला, मला कॅन काय शिकवणार!

मॅनेजर कोट सावरत आली. गोठलेली बॅटरी बघितली आणि तिनं तेच ओळखलं जे कुणीही ओळखलं असतं. “पूर्ण डाउन झाला असेल, म्हणून फ्रीझ झाला. हीटर, दादा. परत हीटर.” शाळांना जाणारं दूध होतं त्या गाडीत, ते राहिलं होतं, आणि तिचा फोन वाजत होता.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण येत्या शुक्रवारी माझं प्रोबेशन संपणार होतं. परत घरी बसायचं, परत ‘बघतोय’ म्हणायचं, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी तोंड मिटलं. मूग गिळून बसलो. स्वतःला समजावलं की ड्रायव्हर नाही म्हणेल. म्हणेल मी बंद केला होता. मग वाद होईल, वादात कुणाचंच काही सिद्ध होणार नाही, आणि प्रकरण मिटेल.

तो नाही म्हणाला नाही.

मॅनेजरनं त्याला विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. “तू हीटर बंद केला होतास का?” तो विचार करत राहिला. कपाळाला आठ्या घालून, त्या शुक्रवारच्या केबिनमध्ये परत जाऊन, स्वतःचा हात शोधत असल्यासारखा. कोटाचं बटण चाचपत होता. मग म्हणाला, “कागद भरले ते आठवतंय. चावी दिली ते आठवतंय. मधलं नाही आठवत.” आणि कुणी न विचारता तोच म्हणाला, “मीच चालू ठेवला असणार. मला गाडीवरून काढ. बॅटरीचं राहू दे, उद्या रस्त्यावर काही विसरलो तर?”

मॅनेजरचे डोळे भरले. तिनं त्याला काढून टाकलं नाही, यार्डात काम दिलं. फाटक उघडणं, ट्रक धुणं, शेडमधल्या बॅटऱ्या बघणं. म्हणजे माझ्या हाताखाली. शुक्रवारी तिनं मला ऑफिसात बोलावून हसत सांगितलं, “दादा, तुमचा नोकरी पक्का झाला!” बाहेर आलो तर तो हात पुढे करून उभा. “शाबास, डक. तू मिळवलंस.” त्याचा हात हातात घेताना मला स्वतःची किळस आली. तरी घेतला.

पुढचे तीन आठवडे मी त्याला बघत होतो. त्यानं खिशात एक छोटी वही ठेवली. फाटक लावलं की वहीत लिहायचा. किटली बंद केली की लिहायचा. शेडमधला हीटर तपासून बाहेर यायचा, चार पावलं जायचा, परत आत जाऊन तपासायचा. पूर्वी माझ्याशी गप्पा मारता मारता पोळी खायचा, आता गप्प बसून दाराकडे नजर लावायचा. एकदा मला म्हणाला, “माझं काही चुकलं दिसलं तर सांग हां. लाज वाटू देऊ नकोस.” मी म्हटलं, सांगेन.

घरी बायकोला पत्ता लागू दिला नव्हता. ती वृद्धांच्या वॉर्डात काम करते. एका रविवारी जेवताना मी उगाच, सहज विचारल्यासारखं विचारलं की माणसाची स्मृती जाते ती नेमकी कशी सुरू होते. तिनं घास खाली ठेवला. “कोणाबद्दल विचारताय?” बायकोपुढे माझं खोटं टिकत नाही, कधीच टिकलं नाही. सगळं सांगितलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. “अहो, तुम्हाला कळतंय का काय केलंत? माझ्या वॉर्डात माणसं येतात ना, त्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची असते माहितीये? विसरण्याची नाही. आपण विसरतोय की नाही हे न कळण्याची. आणि तुम्ही त्या चांगल्या माणसाच्या हातात ते आयतं दिलंत. एका नोकरीसाठी!”

“दीड वर्ष घरी बसलो होतो मी.”

“बसा ना अजून दीड वर्ष. मी काय उपाशी ठेवलं होतं?”

एवढं बोलून तिनं ताटं उचलली.

सोमवारी चहाच्या वेळी मी त्याला शेडमध्ये गाठलं. सुट्या बॅटऱ्यांच्या रांगेपाशी तो खुर्ची टाकून बसला होता. माझं इंग्रजी अशा कामाला पुरत नाही. तरी एका दमात सांगितलं: पाणी मी घातलं, चार्ज केलं नाही, तेच गोठलं. हीटर बंद होता. मी शेजारी होतो, टिकटिक नव्हती. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, भ्यालो, माझ्या नोकरीसाठी गप्प बसलो.

त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग त्यानं मेकॅनिकसारखे प्रश्न विचारले. किती पाणी? कितव्या कप्प्यापर्यंत? बर्फ स्वच्छ होता की गढूळ? मी एकेक उत्तर देत गेलो. तो मान हलवत होता. मला वाटलं आता शिवी येईल, आणि मी तिची वाटच बघत होतो. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

“स्वच्छ होता म्हणजे पाणीच,” तो म्हणाला. “हीटर बंदच होता तर.”

“बंद होता. शपथ घेऊन सांगतो.”

त्याच दुपारी मी ऑफिसात जाऊन मॅनेजरला सांगितलं, मराठीत, सावकाश. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायची. नोकरीवरून काढलं नाही, एक पत्र दिलं, ते मी जपून ठेवलं आहे. त्याच्या तिसऱ्या चुकीचा कागद तिनं माझ्यासमोर फाडला, त्याला बोलावलं आणि ट्रकची चावी टेबलावर ठेवून माफी मागितली.

त्यानं चावी उचलली नाही. आदल्या गुरुवारीच त्यानं आपलं ट्रकचं लायसन्स स्वतःहून पोस्टानं परत पाठवलं होतं. मुलीलाही सांगून टाकलं होतं की बुधवारी नातीला शाळेतून आणायला मला पाठवू नकोस. मॅनेजर म्हणाली, फॉर्म भरू, डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊ, मिळेल परत. मीही म्हटलं, मी सगळीकडे येतो, सगळं लिहून देतो, हीटर बंद होता म्हणून.

तो माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता, उलट मला समजावल्यासारखा बोलला, पहिल्या दिवशी रजई बघून बोलला होता त्याच आवाजात.

“बंद होता, मानलं. तू खोटं कशाला बोलशील आता? पण डक, तो मी बंद केला, हे मला अजूनही आठवत नाहीये.”